दुवा-तपासणी

संकेतस्थळावरील दुवा, म्हणजे लिंक, ज्या पानाकडे, चित्राकडे किंवा फाइलीकडे नेतो ती वस्तू खरोखर तेथे आहे की नाही, हे पडताळण्याच्या कामाला दुवा-तपासणी म्हणतात. संकेतस्थळ तयार होत असताना ती स्वतःच्या संगणकावरील फाइलींवर आणि ते प्रसिद्ध झाल्यावर दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे पाने वाचकांना पुरवणाऱ्या संगणकावर, करावी लागते. पहिली तपासणी निर्दोष ठरली म्हणून दुसरी टाळता येत नाही.

पुण्यातील जुन्या वास्तूंची माहिती देणारे एखादे संकेतस्थळ उदाहरणादाखल घेता येईल. शनिवारवाड्याच्या छायाचित्राच्या फाइलीला कॅमेऱ्याने ‘जेपीजी’ हे शेपूट मोठ्या रोमन अक्षरांत जोडले आणि पान लिहिणाऱ्याने ते लहान अक्षरांत टंकले, तर विंडोज दोन्ही नावे एकच मानते व चित्र दिसते. तेच पान लहान-मोठी अक्षरे वेगळी मानणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या सर्व्हरवर चढवले की चित्राची जागा रिकामी राहते. दुव्यात ‘सी’ ड्राइव्हपासूनचा मार्ग राहून गेला असेल, तर तो फक्त बनवणाऱ्याच्या संगणकावर उघडतो. याउलट तिरप्या रेघेने सुरू होणारा दुवा सर्व्हरवर बरोबर असूनही, फाइल थेट ब्राउझरमध्ये उघडल्यास तुटलेला भासतो. म्हणून ही तपासणी संगणकावरच छोटा सर्व्हर चालवून करणे श्रेयस्कर. पायथन या संगणकभाषेत तशी सोय आयती मिळते.

मराठी नावांबाबत अधिक दक्षता हवी. पर्वतीविषयीच्या पानाच्या फाइलीला ‘पायऱ्या’ हे नाव दिले, तर त्यातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. असा दोष नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. शिवाय पत्त्यात देवनागरी अक्षरे टक्केचिन्हांच्या रूपात जातात. ‘पुणे’ एवढ्याशा शब्दाची तेथे ३६ चिन्हे होतात आणि त्यांतले एक गळाले तरी दुवा तुटतो.

दूरच्या सर्व्हरचे उत्तर तीन अंकी संकेतांकाने कळते : २०० म्हणजे पान मिळाले, ३०१ म्हणजे ते कायमचे हलवले, ४०४ म्हणजे सापडले नाही, ४१० म्हणजे काढून टाकले. ५०३ हे बहुधा तात्पुरते असल्याने तेवढ्यावरून दुवा पुसू नये. लिंकचेकरसारखी मुक्त आज्ञावली स्थानिक फाइली व सर्व्हर दोन्ही तपासते. संपूर्ण पान न मागवता ‘हेड’ विनंतीने केवळ माथ्यावरची माहिती मागवली की भार कमी पडतो. मात्र काही सर्व्हर ती नाकारून ४०५ कळवतात आणि मग पान मागवावेच लागते. घाईने विनंत्यांचा मारा केल्यास ४२९ येते, तेव्हा थांबणे हाच शिष्टाचार आहे.

सर्वांत फसवे उत्तर २०० हेच होय. एखाद्या गणेशोत्सव मंडळाने आपल्या संकेतनामाची, म्हणजे डोमेनची, मुदत वाढवली नाही आणि ते नाव दुसऱ्याने घेऊन तेथे जाहिराती लावल्या, तरी आज्ञावली दुवा ठीक असल्याचेच सांगते. अशा दुव्यांवर माणसानेच जाऊन मजकूर वाचावा लागतो. मूळ पान नाहीसे झाले असल्यास २००१ पासून सर्वांसाठी खुल्या असलेल्या वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहात त्याची जुनी प्रत शोधावी, आणि ती मिळाल्यास प्रतीच्या तारखेसह तिचाच दुवा द्यावा.