भुंगेरा जाणार नाही, तरी ॲश वाचवता येतील

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या आसपास ॲशची झाडं कशाने वाळताहेत, याचा उलगडा २००२ साली झाला. सालीखालून निघाला जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, पाचूच्या रंगाचा चकचकीत भुंगेरा. शास्त्रीय नाव ॲग्रिलस प्लॅनिपेनिस. मूळचा चीन, कोरिया आणि रशियाच्या अतिपूर्वेकडचा. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला असावा. पुढे मेलेल्या झाडांची वर्षवलयं तपासली, तेव्हा दिसलं की १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच त्याने तिथे बस्तान बसवलं होतं. इतकी वर्षं त्याला मोकळं रान मिळालं. आज तो अमेरिकेच्या ३५हून अधिक राज्यांत पोचला आहे आणि कोट्यवधी झाडं गेली आहेत.

पत्ता लागायला उशीर का झाला, हे त्याच्या जगण्याच्या पद्धतीत आहे. प्रौढ भुंगेरा पानं कुरतडतो, त्याने झाडाचं फारसं बिघडत नाही. खरा घात अळी करते. मादी सालीच्या भेगांत अंडी घालते; अळी आत शिरते आणि आंतरसालीत नागमोडी बोगदे पोखरत राहते. पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत नेणारी वाट नेमकी इथेच असते. बोगदे खोडाभोवती एकमेकांना भिडले की ती वाट तुटते आणि झाड साधारण ३ ते ५ वर्षांत मरतं. हल्ला सुरू होतो शेंड्याकडच्या फांद्यांपासून, त्यामुळे खाली उभ्या माणसाला काहीच दिसत नाही. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची, ३-४ मिलिमीटरची छिद्रं डोळ्यांसमोर यावीत तोवर वरचा पर्णसंभार विरळ झालेला असतो. सुतारपक्ष्यांना मात्र अळ्या आधीच सापडतात. त्यांनी वरची साल सोलून काढलेले फिकट पट्टे ही लवकर दिसणारी खूण आहे.

चीन आणि रशियातल्या मांचुरियन ॲशने या भुंगेऱ्यासोबत हजारो पिढ्या काढल्या आहेत. धडधाकट झाड त्याला सहसा दाद देत नाही. उत्तर अमेरिकेतल्या हिरव्या, पांढऱ्या आणि काळ्या ॲशकडे असा बचावच नव्हता.

सुरुवातीला त्याचा नायनाट करायचं ठरलं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००४च्या सुमारास सुमारे १० किलोमीटर रुंदीचा पट्टा ॲशमुक्त केला गेला. भुंगेरा त्याआधीच पलीकडे पोचला होता. शिवाय तो स्वतः फार लांब उडतो असं नाही, त्याला लांब नेतात माणसं: तंबूत राहायला जाताना गाडीत टाकलेल्या जळाऊ लाकडातून. अखेर जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने लाकडाच्या वाहतुकीवरचे देशव्यापी निर्बंध उठवले आणि पैसा मित्रकीटकांकडे वळवला. हरलेली लढाई थांबवली हे ठीकच. पण त्यातून 'आता लाकूड कुठेही न्या' असा अर्थ काढला गेला तर फार वाईट होईल. एखाद्या जिल्ह्यात भुंगेरा १० वर्षं उशिरा पोचणं याला आज मोठी किंमत आहे, कारण आता सगळी धडपड मुदत मिळवण्यासाठीच आहे.

शहरात ही मुदत औषधाने मिळते. हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी आपले शेतकरी इमामेक्टिन बेंझोएट फवारतात, तेच इथे खोडाच्या बुंध्यात टोचलं जातं. वर चढणाऱ्या पाण्याबरोबर ते फांद्यांपर्यंत पोचतं आणि २, बऱ्याचदा ३ वर्षं झाड राखतं. अट एकच, पाणी वर नेणारी यंत्रणा शाबूत हवी. पर्णसंभाराचा तिसरा हिस्सा गेल्यावर टोचलेल्या औषधाचा भरवसा कमी होत जातो.

पालिकांची अडचण वेगळी. डच एल्म या बुरशीजन्य रोगाने एल्मची झाडं मेली, तेव्हा रस्तोरस्ती त्यांच्या जागी ॲश लावले गेले. भुंगेरा आल्यावर पहिली काही वर्षं तुरळक झाडं मरतात आणि मग थोड्याच वर्षांत जवळजवळ सगळी. मेलेला ॲश झपाट्याने ठिसूळ होतो, तो उतरवणं कामगारांच्या जिवावर बेतू शकतं आणि खर्चही वाढतो. म्हणून चांगली झाडं निवडून टोचायची, कमजोर झाडं मरण्याआधीच काढायची आणि त्या जागी एकाच जातीऐवजी अनेक जाती लावायच्या, हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

जंगलात प्रत्येक खोडाला कोण टोचणार? तिथे भिस्त आहे चीन आणि रशियातून आणलेल्या गांधीलमाशीच्या कुळातल्या इवल्या परजीवी कीटकांवर. कसून चाचण्या केल्यानंतर २००७पासून ते सोडले जाताहेत. ओबियस ॲग्रिली भुंगेऱ्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. टेट्रास्टिकस प्लॅनिपेनिसी अळीच्या अंगात अंडी घालते. पण तिचा अंडी घालण्याचा अवयव आखूड असल्याने जाड सालीपलीकडची अळी तिच्या हाती लागत नाही. त्यामुळे मिशिगनमध्ये तिने कोवळी, पातळ सालीची रोपं बऱ्यापैकी राखली, मोठी झाडं नाही. रशियाच्या अतिपूर्वेतून आणलेल्या स्पाथियस गॅलिनीचा अवयव लांब आहे, म्हणून २०१५पासून ती सोडली जाऊ लागली. या माश्या भुंगेरा संपवणार नाहीत. जुनी झाडं गेल्यावर खाली उगवलेल्या पिढीला बी धरण्याइतकं वय गाठू द्यावं, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा आहे. दरम्यान, सगळं रान मेलं तरी टिकून राहिलेल्या मोजक्या झाडांची ओहायोत कलमं करून प्रतिकारक्षम वाण शोधला जातो आहे.

घाई सर्वांत जास्त काळ्या ॲशची आहे. अनिशिनाबे, मोहॉक अशा मूलनिवासी समाजांतले कारागीर त्याचा ओंडका ठोकून वर्षवलयं सुटी करतात आणि त्या पट्ट्यांच्या टोपल्या विणतात. दुसरं लाकूड असं सुटत नाही. झाड गेलं तर नातवंडांना हे शिकवायचं कशावर?

ओरेगनने तयारी आधीच केली होती. तिथे भुंगेरा २०२२च्या जूनमध्ये सापडला, पण ओरेगन ॲशचं बी गोळा करणं त्याच्या काही वर्षं आधीच सुरू झालं होतं.

मिशिगन, इलिनॉय, न्यू जर्सीत घर असलेल्या मराठी वाचकांनी आपल्या अंगणात एकदा पाहावं. फांद्या समोरासमोर फुटलेल्या आणि एकेका पानाला ५ ते ११ पर्णिका असतील, तर ते झाड ॲश असण्याची बरीच शक्यता आहे. शेंडा अजून दाट असेल तर प्रमाणित वृक्षतज्ज्ञाला दाखवून वसंतात पालवी पूर्ण फुटली की औषध टोचून घ्या. अर्ध्याहून जास्त वाळलं असेल तर ठिसूळ व्हायच्या आत उतरवा, आणि त्याचं जळण गावाबाहेर जाऊ देऊ नका.