टर्किश घ्यायचं की मांचू? आधी हात मोजा

ठाणे-नवी मुंबईत रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकमधलं धनुष्य, शिकणाऱ्यांपैकी एखाद्याला तरी हॉर्सबोचं, म्हणजे घोड्यावरून चालवायच्या जुन्या पद्धतीच्या धनुष्याचं, वेड लागतंच, आणि मग फोटो बघून टर्किश काय नि मांचू काय, दोन्ही सारखंच वाटायला लागतं. मूळची घडण सारखी आहेच म्हणा, आत लाकूड, आपल्याकडच्या बाजूला शिंग, पलीकडे स्नायूंचे धागे, आणि दोन्ही अंगठ्याने ओढायची. हातात घेतलं की मात्र सगळं वेगळं.

मांचू म्हणजे दांडगं प्रकरण. टोकाचा न वाकणारा भाग, त्याला सिया म्हणतात, तो लांबलचक असतो आणि त्याच्या बुडाशी दोरी टेकायला एक ठोकळा. दोरी चढवली की ठोकळ्यावर बसते, ओढताना सुटते, आणि तिथून पुढे सिया तरफेसारख्या काम करतात, हापशाचा दांडा लांब असला की जोर कमी लागतो ना, तसंच. म्हणून ३२ इंच, कानाच्याही मागे ओढलं तरी शेवटाला अंगावर येत नाही. पण सुटताना त्याच जड टोकांना पळवण्यात ताकद खर्च होते, त्यामुळे हलका बाण लावून काही उपयोग नाही, जड नि लांबच हवा. चीनमधल्या मांचूंच्या छिंग राजवटीच्या लष्करी परीक्षेत हेच धनुष्य होतं, ती परीक्षा १९०१ मध्ये बंद झाली.

(अजून एक, "मंगोल" म्हणून जे लांब सियांचं मिळतं ते बहुतेक वेळा याच मांचू घराण्यातलं असतं, चंगीझखानाच्या काळातलं नाही. नावावर जाऊ नका.)

टर्किश बुटकं, टोकं हलकी, ठोकळे नाहीत. हलका बाण सणसणत जातो. इस्तंबूलच्या ओकमेयदानात लांब पल्ल्याच्या विक्रमांचे दगड अजून उभे आहेत, ८०० मीटरच्या पुढचेही. पण ओढ, म्हणजे दोरी जितकी मागे खेचता येते ते अंतर, जेमतेम २८-३० इंच, त्यापुढे एकदम जड होतं आणि जास्त ताणलंत तर मोडूही शकतं. तीन बोटांनी ओढणाऱ्यांची बोटं तर दोरीत चिमटतात, कारण धनुष्य बुटकं असल्याने दोरीचा कोन फार तीव्र होतो.

म्हणून आधी दोन्ही हात पसरून मोजा आणि २.५ ने भागा. ६७ इंच भरले तर ओढ साधारण २७, ही चेहऱ्यापर्यंतची, कानामागे नेणार असाल तर चारेक इंच वाढतात. चेहऱ्यापर्यंतच थांबणार असाल आणि अंगठा शिकायची तयारी असेल तर माझ्या मते सरळ टर्किश, ओढायला ३० पाउंडाच्या आसपास जोर लागेल असं. २७ इंचांवर थांबणाऱ्याने मांचू घेणं म्हणजे पैसे वाया, त्याचा जोर शेवटच्या इंचांतच आहे. पाउंडाचा आकडा कुठल्या इंचावर मोजलाय तेही विचारा, ३२ वर ४० असेल तर २७ वर बरंच कमी भरणार.

खऱ्या शिंगाचं मात्र दोन्हीतलं घेऊच नका. आपल्या जून-जुलैच्या दमट हवेत त्यातला चिकटवायचा सरस ओल धरतो नि धनुष्य ढिलं पडतं, फायबरग्लासचं लॅमिनेटेड बरं, फक्त मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत ठेवू नका, थर सुटतात. आणि बाणाला खरी पिसंच लावा, प्लॅस्टिकची नको, कारण दोन्हीला बाण ठेवायचा कट्टा नसतो, तो मुठीवरून घासत जातो, तेव्हा पिसं दबतात, प्लॅस्टिक दबत नाही.