व्हर्टिगो

व्हर्टिगो : प्रेमकथा व रहस्यकथा यांचा मेळ घालणारा अभिजात अमेरिकन चित्रपट (१९५८). दिग्दर्शक ॲल्फ्रेड हिचकॉक. प्रमुख भूमिका जेम्स स्ट्यूअर्ट व किम नोव्हॅक. संगीत बर्नार्ड हरमन. उंचीच्या भीतीमुळे पोलिसांतील नोकरी सोडलेला स्कॉटी सॅन फ्रान्सिस्कोत मित्राच्या पत्नीवर पाळत ठेवतो, तिच्या प्रेमात पडतो आणि तिच्या मृत्यूनंतर भेटलेल्या जूडीला तिचेच रूप देऊ पाहतो.

चित्रपटाला आधार बोआलो-नार्सजाक या फ्रेंच लेखकद्वयाच्या १९५४ मधील कादंबरीचा. त्यांच्या आधीच्या एका कादंबरीचे हक्क हिचकॉक यांच्याऐवजी फ्रेंच दिग्दर्शक क्लूझो यांना मिळाले होते. त्यामुळे ही कादंबरी हिचकॉक यांच्यासाठीच बेतली गेली, असे फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्युफो यांचे म्हणणे. नार्सजाक यांनी ते नाकारले. वृत्तपट पाहताना पडद्यावर एक दुरावलेला स्नेही दिसल्याचा भास झाला व त्यातून कल्पना सुचली, असे ते सांगत. मूळ कथा महायुद्धकालीन फ्रान्समध्ये, माणसे हरवण्याच्या काळात घडते, हे लक्षात घेता नार्सजाक यांचे निवेदन अधिक ग्राह्य वाटते.

पटकथेचे श्रेय ॲलेक कॉपेल व सॅम्युएल टेलर यांना आहे. स्कॉटीची मैत्रीण मिज ही टेलर यांची भर. कादंबरीत अखेरीस उलगडणारे रहस्य (मित्रानेच पत्नीचा खून केला व तिचे सोंग जूडीने घेतले होते) येथे जूडीच्या पत्रातून बरेच आधी कळते. हा बदल पटकथेचे मोठे बळ होय, कारण त्यानंतर प्रेक्षक जूडीची घुसमट आतून पाहू लागतो. खुनाचा बेत मात्र फारच योगायोगांवर विसंबलेला आहे.

जिन्यातील भोवळ दाखवताना कॅमेरा मागे नेत त्याच वेळी झूमने दृश्य जवळ आणले आहे. त्यासाठी जिन्याची आडवी ठेवलेली प्रतिकृती वापरली. हे तंत्र छायाचित्रकार अर्मिन रॉबर्ट्स यांनी साधल्याचे मानले जाते.

नायिकेसाठी प्रथम व्हेरा माइल्स यांची निवड झाली होती. नोव्हॅक यांच्या अभिनयावर हिचकॉक समाधानी नव्हते. परंतु जूडीचे केस व वेश बदलले जात असतानाची तिची अगतिक संमती पाहता हे मत स्वीकारणे कठीण जाते. स्ट्यूअर्ट यांनी आपली सालस प्रतिमा बाजूला सारून हट्टाने पछाडलेला पुरुष उभा केला.

प्रदर्शनावेळी समीक्षकांचा प्रतिसाद संमिश्र होता. ‘साइट अँड साउंड’ नियतकालिकाच्या सर्वोत्तम चित्रपटांविषयीच्या समीक्षक-कौलात २०१२ मध्ये हा चित्रपट पहिला, तर २०२२ मध्ये दुसरा आला.