गॅलिनाचा खडा आणि तोकुजी हायाकावा

‘बॅटरी नाही, वीज नाही, तरी रेडिओ वाजतो!’ असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात आणि खाली स्फटिकातल्या ‘ऊर्जे’ची चर्चा रंगते. ब्रेसलेट विकणाऱ्यांची त्यात सोय होते. पण अशा रेडिओतल्या गॅलिना या खनिजाच्या खड्यात ऊर्जा नसते. ती येते प्रक्षेपण केंद्राकडून, एरियलवाटे. खडा फक्त तिची एका बाजूची वाट अडवतो. जपानच्या शार्प कंपनीचा इलेक्ट्रॉनिक्समधला श्रीगणेशा याच खड्यावर झाला, आणि तो करणाऱ्याला विजेतले फारसे काही कळत नव्हते.

शार्पचे संस्थापक तोकुजी हायाकावा यांचा जन्म १८९३चा, टोकियोतला. दोन वर्षांचे व्हायच्या आत ते दत्तक गेले. त्या घरी सावत्र आईचा जाच, उपासमार. शाळा दुसरीतच सुटली. मग धातुकाम करणाऱ्या कारागिराकडे सात वर्षांहून जास्त उमेदवारी. १९१२ साली त्यांनी पट्ट्याला भोके न पाडता लागणारे बक्कल काढले, १९१५ साली धातूची यांत्रिक पेन्सिल. १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपात कारखाना गेला, पत्नी आणि दोन्ही मुले गेली. कर्जापोटी पेन्सिलचे पेटंट हक्क देऊन ते ओसाकाला आले आणि १९२४मध्ये पुन्हा धातुकामाचाच कारखाना काढला.

१९२५ साली जपानमध्ये रेडिओ प्रसारण सुरू झाले. हायाकावांनी अमेरिकेहून आलेला एक क्रिस्टल सेट, म्हणजे असाच खड्यावर चालणारा रेडिओ, साडेसात येनला घेतला, खोलला आणि तसाच बनवला. किंमत ठेवली साडेतीन येन. हे जमले कसे, ते सेटच्या आत पाहिले की कळते.

मध्यम लहरींवर (मीडियम वेव्ह) आवाज म्हणजे वाहक लहरीच्या, केंद्राकडून सतत येणाऱ्या रेडिओ लहरीच्या, उंचीतला चढउतार. ही लहर सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट होते. इअरफोनचा पडदा तिच्यामागे धावू शकत नाही आणि तिची सरासरी शून्य, म्हणून काहीच ऐकू येत नाही. एका दिशेचा प्रवाह अडवला की सरासरी शून्य राहत नाही. ती आवाजाबरोबर वरखाली होते. हे काम गॅलिना करते. गॅलिना म्हणजे शिशाचे सल्फाइड, अर्धवाहक खनिज. त्यावर बारीक तारेचे टोक टेकले की त्या बिंदूपाशी एकदिशा अडसर तयार होतो. टोकच का, पत्रा का नाही? स्पर्शाचे क्षेत्र वाढले की ती जागा कंडेन्सरसारखी, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागासारखी, वागते आणि उच्च वारंवारतेचा प्रवाह दोन्ही दिशांना गळतो. तार जास्त दाबली तर अडसर बिघडतो, कमी दाबली तर दारावरून गाडी गेली तरी संपर्क तुटतो. खड्यावरची प्रत्येक जागा सारखी नसते, त्यामुळे चांगला बिंदू शोधत बसावे लागते. बोट लावू नये, तेलकट थर बसतो, चिमटा वापरावा. खडा पितळी वाटीत बसवताना साधे सोल्डर नको, त्याच्या उष्णतेने गॅलिना बिघडते. सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळणारा वुड्स मेटल लागतो. जगदीशचंद्र बोस यांना गॅलिनाच्याच लहरी टिपणाऱ्या शोधकासाठी (डिटेक्टरसाठी) १९०४ साली अमेरिकन पेटंट मिळाले होते.

म्हणजे सेटचा अवघड भाग कोणता? वाटी, स्प्रिंगची तार, तिला हलक्या हाताने फिरवणारी दांडी. बक्कल आणि पेन्सिल करणाऱ्याच्या हातातली ही कामे. विजेचे गणित बरेचसे कॉइलच्या वेढ्यांतच होऊन गेलेले असते.

आज करून पाहायचे तर ५ सेंटीमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर अर्ध्या मिलिमीटरची एनॅमल वायर घ्या आणि शेजारीशेजारी ८० वेढे गुंडाळा. सुमारे २४० मायक्रोहेन्री भरतात. सोबत ३६५ पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (फिरवून केंद्र लावायचा) जोडला की साधारण ५३५ ते १६०० किलोहर्ट्झ, म्हणजे जवळपास पूर्ण मध्यम लहरी येतात. कॉइलचे एक टोक अर्थिंगला, दुसरे १५-२० मीटरच्या एरियलला. लांब एरियलच्या स्वतःच्या धारितेने (तीही कंडेन्सरसारखी वागते) ट्यूनिंग खाली सरकते, म्हणून मध्ये १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर घाला. डायोड, म्हणजे खड्याचेच एकदिशा काम करणारा भाग, मात्र एरियलकडच्या टोकाला जोडू नका. इअरफोनचा भार कॉइलवर पडून दोन केंद्रे एकात एक मिसळतात. अर्थिंगकडून २५-३० वेढ्यांवर टॅप, म्हणजे मधली जोडणी, काढा आणि डायोड तिथे जोडा. वेढ्यांचे प्रमाण एक तृतीयांश झाले की भाराचा रोध नऊपट भासतो.

गॅलिना नसेल तर १एन३४ए हा जर्मेनियम डायोड चालतो. सिलिकॉनचा १एन४१४८ सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत जेमतेम वाहतो, कमजोर सिग्नलला तो मुकाच. मोबाइलचे ३२ ओहमचे इअरफोनही निरुपयोगी. २००० ओहमचे हेडफोन किंवा क्रिस्टल इअरफोन हवा, आणि क्रिस्टल इअरफोनला समांतर ४७ किलोओहमचा रोधक. तो विसरला तर विद्युतभार साठून आवाज चेपतो.

हा सेट केंद्राच्या जवळच वाजतो आणि एका कानालाच ऐकू येतो. म्हणून हायाकावा १९२९मध्ये व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळ्यांच्या, रेडिओकडे वळले. १९६४ साली त्यांच्या कंपनीने सीएस-१०ए हा गणकयंत्राचा ठोकळा आणला: वजन २५ किलो, किंमत ५,३५,००० येन. आत एकही व्हॉल्व्ह नव्हता, सगळे काम ट्रान्झिस्टर आणि डायोडचे.