दरबारी पगारापासून रॉयल्टीपर्यंत

स्वतः लिहायचं, स्वतःच चाल बांधायची आणि पियानोवर बसून गायचं, हे कोल्हापुरात फार नवलाचं मानलं जातं. तेवढं ते नवं नाही. १९११ च्या 'मानापमान' नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे नामांकित पेटीवादक होते, आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटात हरिश्चंद्रही तेच, संगीतकारही तेच. बदलला तो पोशिंदा.

शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गवई नेमलं. १९२२ साली महाराज गेले, पुढे खाँसाहेब मुंबईला गेले. १९२९ साली इथेच निघालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ ला पुण्याला हलली. मास्टर विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्सही मुंबईला गेली आणि तिथे उमेदवारी करणाऱ्या लता मंगेशकरही. पैसा देणारा गाव सोडतो, मागोमाग गळाही जातो; कोल्हापूरला ही सवयच आहे.

पियानोची अडचण निराळी. त्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटी बंद ठेवली तीही याच तक्रारीवरून. ख्यालावर वाढलेला कान षड्जाला, म्हणजे कायम असलेल्या 'सा'ला, धरून चालतो, तर पियानोवरचं गाणं कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या काही स्वरांच्या जुळणीवर, उभं राहतं. म्हणजे तीच चाल खालचा आधार बदलला की वेगळी वाटते. इथे स्वतःचं गाणं रचून गाणाऱ्याला दोन्ही सांभाळावं लागतं. नुसत्या लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेड परीक्षा देऊन ते येत नाही, असं माझं मत.

स्वतंत्र कलाकाराच्या वाटेवरचं खरं वळण यूट्यूब नव्हे, कायदा आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांचा हक्क निर्मात्याकडे ठेवला. एकरकमी पैसे घेतले की गीतकार-संगीतकाराचा संबंध संपे. २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीतला त्यांचा वाटा लिहून देता येणार नाही असं ठरवलं.

२०१९ साली स्पॉटिफाय भारतात आलं, तोवर घरबसल्या गाणं बाजारात सोडणं सोपं झालं होतं. स्वखर्चाने ध्वनिमुद्रण केलं तर त्याचा हक्कही आपलाच. पण पोट चालतं शिकवण्यांवर, लग्नाच्या आणि गणपतीतल्या कार्यक्रमांवर. शिवाय गाणं चढवलं म्हणजे सगळं झालं असं समजणारे बरेच. ध्वनिमुद्रणाचे पैसे गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोहोचवणाऱ्या वितरकाकडून येतात. शब्दांचे आणि चालीचे येतात आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडून, तेही सभासद होऊन गाणं नोंदवलं तरच.