चार्ज-मर्यादा (लिथियम बॅटरी)

महावितरणच्या लाइनशी न जोडलेल्या सौर वीजयंत्रणेत बॅटरी काठोकाठ न भरता ठरावीक टक्क्यांवर, बहुधा ८० ते ९० च्या दरम्यान, चार्जिंग रोखण्याची पद्धत.

लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरून ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरते, म्हणून ती रोज पूर्ण भरण्याची सवय घरोघरच्या इन्व्हर्टरने लावली. लिथियमचे उलट आहे. पूर्ण भरून, त्यातही उष्णतेत, नुसती पडून राहिली तरी ती झिजते. मे महिन्यात मालेगावकडे पारा चाळिशी ओलांडतो. तिथल्या मळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीला ही मर्यादा हवीच.

खरी अडचण टक्के मोजण्याची. सौर यंत्रणांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो. १६ सेलच्या, ५१.२ व्होल्टच्या बॅटरीत ४० आणि ७० टक्क्यांत फरक जेमतेम अर्ध्या व्होल्टचा, आणि पंप सुरू झाला की तेवढा तर लगेच पडतो. म्हणून शंट (करंट मोजण्यासाठी वायरीत बसवलेला छोटा रोधक) बसवून आत-बाहेर जाणारे अँपिअर-तास मोजतात. हा हिशेब रोज थोडाथोडा चुकत जातो आणि बॅटरी पूर्ण भरल्यावरच जुळतो. बीएमएस (बॅटरीतल्या सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट) सेलची पातळी सारखी करते तीही साधारणपणे वरच्या टोकाला, सेल ३.४ व्होल्टच्या पुढे गेल्यावर. महिन्याकाठी एकदा पूर्ण चार्ज द्यावा तो यासाठी.

मर्यादा गाठताच चार्जरचे कनेक्शनच तोडणे मात्र चूक. भर दुपारी पॅनेल रिकामे बसतात आणि फ्रिज बॅटरीवर चालतो. बीएमएसने चार्जरला बॅटरीत जाणारा करंट शून्यावर आणायला सांगावे, म्हणजे घराचा लोड पॅनेलच उचलतात. उरलेल्या विजेवर टाकी भरून घेता येते. बीएमएसचा स्वतःचा कटऑफ ही शेवटची राखण आहे, रोज वापरायचा नळ नव्हे.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पावसाळी पट्ट्यात जूनपासून मर्यादा १०० वर न्यावी. तिथे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि अंधारात काढलेल्या रात्रीपुढे थोडी झीज परवडते. पाऊस उघडला की ती पुन्हा खाली आणावी.

थंडीत निफाडला पहाटे पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. सेल शून्याखाली गेला असताना चार्ज केल्यास आत लिथियम धातूचा थर बसतो, म्हणून तापमानाचा सेन्सर थेट सेललाच चिकटवतात. तो नको म्हणाला की टक्के कितीही असोत, चार्जिंग बंद.