बर्नादोत (आडनाव)

बर्नादोत : मूळचे नैर्ऋत्य फ्रान्समधील बेआर्न प्रांतातले आणि १८१० नंतर स्वीडनच्या राजघराण्याचे झालेले आडनाव. ते लावणाऱ्यांत नेपोलियनचा सेनापती आहे, छळछावण्यांतून कैदी सोडवून आणणारा मध्यस्थ आहे, सुऱ्या-काट्यांपासून मिठाईचे पीठ कालवण्याच्या वाडग्यापर्यंत वस्तूंचे आरेखन करणारा कलावंत आहे आणि एका बेटाची बाग करणारा माळीही आहे. जे गादीवर बसले त्यांना आडनाव सांगण्याची वेळ सहसा आली नाही. ज्यांची गादी हुकली त्यांनाच ते लावावे लागले, आणि त्यांनीच ते नावारूपाला आणले. म्हणून प्रसिद्ध बर्नादोतांची मोजदाद करायला बसले की राजांपेक्षा पदच्युत राजपुत्रच जास्त भेटतात.

बर्नार्ड या पुरुषनावाचे तिकडच्या बोलीतले लाडिक स्त्रीरूप म्हणजे बर्नादोत. गोवा-वसईकडच्या ख्रिस्ती घरांत ऐकू येणारे बर्नाडेट हे नाव त्याच मुळातले, आणि ते जिच्यामुळे सर्वदूर गेले ती लूर्दची संत बर्नाडेटही याच मुलखाच्या शेजारची. बेआर्नमध्ये माणसापेक्षा घराचे नाव मोठे असे. घराची वारस मुलगी असली तर तिचा नवरा तिच्याकडे राहायला येई आणि घराच्या नावानेच ओळखला जाई. वंशावळीप्रमाणे सतराव्या शतकाच्या आरंभी जोआन्दू द्यु पोए या मेंढपाळाने जेर्मेन द बर्नादोत हिच्याशी लग्न केले आणि बायकोचे नाव घेतले. आपल्याकडे घरजावयाची थट्टा करतात. स्वीडनचे आजचे राजघराणे मात्र एका घरजावयाच्या वंशातले आहे.

या घराण्याचा मूळपुरुष झां-बाप्तिस्त बर्नादोत (२६ जानेवारी १७६३ – ८ मार्च १८४४) पो या गावात जन्मला. वडील तिथल्या कोर्टकचेरीत वकिली करणारे. थोरल्या भावाचे नाव झां एव्हांजेलिस्त, धाकट्याचे झां-बाप्तिस्त; एकाला सुवार्ताकार योहानाचे नाव दिले, दुसऱ्याला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे. वडील वारल्यावर १७८० मध्ये झां-बाप्तिस्त साधा शिपाई म्हणून पलटणीत भरती झाला. वरचे हुद्दे सरदारांच्या मुलांसाठी राखीव असल्याने राज्यक्रांतीपर्यंत तो सार्जंटच्याच पायरीवर होता. क्रांतीने ते दार उघडले आणि १७९४ साली तो जनरल झाला. १७९९ मध्ये काही आठवडे युद्धमंत्री, १८०४ मध्ये मार्शल, १८०६ मध्ये इटलीतील पोंतेकोर्व्होचा प्रिन्स असा तो चढत गेला. त्याच्या अंगावर ‘राजांना मरण’ असे गोंदलेले होते आणि तो राजा झाल्यावरच ते उघड झाले, ही कथा फार सांगितली जाते. तिला पुरावा नाही. पण अशी कथा रचण्याचा मोह का झाला असेल ते समजू शकते.

नेपोलियनशी त्याचे नाते सोयरिकीचे आणि संशयाचे होते. १७९८ मध्ये त्याने देझिरे क्लारीशी लग्न केले. ती मार्सेच्या रेशीम व्यापाऱ्याची मुलगी. तिचे लग्न आधी नेपोलियनशी ठरले होते आणि मोडले होते. तिची बहीण ज्यूली ही नेपोलियनचा भाऊ जोसेफ याची बायको. १७९९ मध्ये मुलगा झाला, त्याचे ऑस्कर हे नाव त्या वेळी युरोपभर वाचल्या जाणाऱ्या ऑसियनच्या काव्यातून आलेले. १८०६ मध्ये येना आणि आउअरश्टेट येथे एकाच दिवशी दोन लढाया झाल्या. बर्नादोतचे सैन्य दोन्हींपासून दूर राहिले, आणि नेपोलियनने ते कधी विसरले नाही. १८०९ मध्ये वाग्रामच्या रणांगणावरून तर त्याला घरीच धाडण्यात आले.

तिकडे स्वीडनने त्याच वर्षी रशियापुढे फिनलंड गमावला होता, एक राजा पदच्युत झाला होता, नवा राजा तेरावा कार्ल म्हातारा व निपुत्रिक होता आणि दत्तक घेतलेला युवराज मे १८१० मध्ये अचानक वारला होता. त्या युवराजाच्या अंत्ययात्रेतच स्टॉकहोमच्या जमावाने आक्सेल फोन फेर्सेन या बड्या सरदाराला रस्त्यात ठार मारले. असे सारे विस्कटलेले असताना कार्ल ओट्टो मर्नर नावाचा एक तरुण लेफ्टनंट पॅरिसला गेला आणि कोणी सांगितलेले नसताना त्याने बर्नादोतपुढे युवराजपदाचा प्रस्ताव ठेवला. परतल्यावर सरकारने या आगाऊपणाबद्दल त्याला अटकेत टाकले. पण कल्पना सुटली होती. १८०६ मध्ये ल्युबेक येथे पकडलेल्या स्वीडिश अधिकाऱ्यांना बर्नादोतने अदबीने वागवले होते, ही आठवण त्याच्या बाजूने होती. ओरेब्रू येथे संसद भरली असता बर्नादोतचा दूत तिथे पोचला. दात कोरण्याच्या काड्यांच्या डबीत लपवलेली देझिरे व छोट्या ऑस्करची चित्रे त्याने दाखवली आणि स्वीडनचे कर्ज फेडण्याच्या गोष्टी केल्या. २१ ऑगस्ट १८१० रोजी निवड झाली. वाटेत डेन्मार्कमधील हेल्सिंगोर येथे कॅथलिक पंथ सोडून बर्नादोत लुथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट झाला. पो गावचा आणखी एक जण राजा झाला होता, फ्रान्सचा चौथा आन्री. त्याने मुकुटासाठी प्रोटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक पंथ धरला होता. एकाच गावचे दोघे, आणि पंथांतराची दिशा नेमकी उलटी.

तेराव्या कार्लने त्याला दत्तक घेतले. नाव झाले कार्ल योहान. स्वीडिश लोकांची अपेक्षा अशी की हा फ्रेंच मार्शल फिनलंड परत मिळवून देईल. त्याने केले उलटेच. १८१२ मध्ये रशियाशी हातमिळवणी केली, १८१३ मध्ये लाइपझिगला जुन्या धन्याविरुद्ध सैन्य नेले आणि जानेवारी १८१४ च्या कील तहाने डेन्मार्ककडून नॉर्वे मिळवला. नॉर्वेवासीयांनी स्वतःची राज्यघटना करून विरोध केला, तेव्हा त्या उन्हाळ्यात थोडे दिवस लढाई झाली. ती स्वीडनची शेवटची लढाई. पुढे २०२४ मध्ये नाटोत जाईपर्यंत त्या देशाने लष्करी गटांपासून अलिप्त राहण्याचे जे धोरण सांगितले, त्याची सुरुवात या लढवय्या राजापासून धरतात. ५ फेब्रुवारी १८१८ रोजी तो चौदावा कार्ल योहान म्हणून गादीवर आला. २६ वर्षे राज्य करूनही त्याला स्वीडिश बोलता आले नाही. कारभार फ्रेंचमध्ये चाले, आणि पुष्कळदा शेजघरातल्या पलंगावरून. ऑस्लोच्या मुख्य रस्त्याला त्याचे नाव आहे. स्वीडनमध्ये जंगली भूछत्राच्या एका चविष्ट जातीला ‘कार्ल योहान’ म्हणतात, कारण ती खायला त्याने लोकांना शिकवले. देझिरेला मात्र स्टॉकहोमची थंडी मानवली नाही. १८११ मध्ये ती पॅरिसला निघून गेली आणि १८२३ मध्ये मुलाच्या लग्नाच्या वेळी परतली. मुलाची नवरी जोसेफीन ही नेपोलियनने काडीमोड दिलेल्या सम्राज्ञी जोसेफीनची नात.

या घराण्यासाठी १८१० मध्ये जो वारसा कायदा झाला त्यातले एक कलम पुढच्या दीडशे वर्षांत अनेक संसार ढवळून गेले. राजपुत्राने खासगी माणसाच्या, म्हणजे राजकुळाबाहेरच्या कोणाच्या मुलीशी लग्न केले तर त्याचा व त्याच्या संततीचा गादीवरचा हक्क संपेल, असे ते कलम. ज्याच्यासाठी कायदा केला तो स्वतः वकिलाचा मुलगा, त्याची बायको रेशीम व्यापाऱ्याची मुलगी! पण कलम होते, आणि ते पाळले गेले.

पहिला फटका ऑस्कर बर्नादोत (१८५९–१९५३) यांना बसला. राजा दुसरा ऑस्कर याचे हे दुसरे चिरंजीव. युवराज्ञीच्या सेवेतील एब्बा मुंक हिच्याशी त्यांनी १८८८ मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे लग्न केले आणि हक्क सोडला. १८९२ मध्ये लक्झेंबर्गच्या ग्रँड ड्यूककडून त्यांना ‘काउंट ऑफ विस्बोर्ग’ ही पदवी मिळाली. धार्मिक आणि समाजसेवी कामात त्यांचे पुढचे आयुष्य गेले. त्यांचा मुलगा फोल्के हा घराण्यातला, संस्थापकाखालोखाल, सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणता येईल.

फोल्के बर्नादोत (२ जानेवारी १८९५ – १७ सप्टेंबर १९४८) घोडदळात अधिकारी होते. १९२८ मध्ये त्यांनी एस्तेल मॅनव्हिल या अमेरिकी उद्योगपतीच्या मुलीशी लग्न केले. दुसऱ्या महायुद्धात ते स्वीडिश रेडक्रॉसचे उपाध्यक्ष झाले. १९४५ च्या वसंत ऋतूत नाझी सत्ता कोसळत असताना त्यांनी नाझी पोलीस व छळछावण्यांचा प्रमुख हिमलर याच्याशी बोलणी केली आणि पांढरा रंग दिलेल्या, छतावर लाल क्रॉस काढलेल्या बसगाड्या जर्मनीत पाठवल्या. आधी डॅनिश व नॉर्वेजियन कैदी, मग रावेन्सब्रुकच्या छावणीतील फ्रेंच, पोलिश आणि इतर स्त्रिया, असे मिळून सुमारे १५ हजार जण सुटले. ज्याच्या हाताला रक्त लागले आहे त्याच्याशी बसून बोलायचे का, हा वाद तेव्हाही झाला. हिमलरने त्यांच्यामार्फत पश्चिमी दोस्तांकडे शरणागतीचा निरोपही धाडला; तो फेटाळला गेला.

२० मे १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्यांना पॅलेस्टाइनसाठी मध्यस्थ नेमले. संघटनेचे ते पहिलेच अधिकृत मध्यस्थ. ११ जूनला चार आठवड्यांची शस्त्रसंधी घडवण्यात त्यांना यश आले. सीमांची फेररचना आणि अरब निर्वासितांना घरी परतण्याचा हक्क या त्यांच्या सूचना दोन्ही बाजूंना रुचल्या नाहीत. १७ सप्टेंबरला जेरुसलेममध्ये त्यांची मोटार अडवून लेही या ज्यू भूमिगत संघटनेच्या बंदूकधाऱ्याने गोळ्या झाडल्या. त्यांच्या शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल आंद्रे सेरो हेही मारले गेले. खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. त्या वेळी लेहीच्या तिघा म्होरक्यांपैकी एक असलेले यित्झाक शमीर पुढे इस्राएलचे पंतप्रधान झाले. मध्यस्थीचे उरलेले काम राल्फ बंच यांनी पार पाडले आणि त्यांना १९५० चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला. स्वीडन सरकारची शांतताकार्यासाठीची संस्था २००२ पासून फोल्के बर्नादोत यांच्या नावाने चालते.

१९३० नंतर तर राजपुत्रांची गळतीच लागली. लेनार्ट (१९०९–२००४) यांनी १९३२ मध्ये, सिगवार्ड (१९०७–२००२) यांनी १९३४ मध्ये, धाकटे कार्ल (१९११–२००३) यांनी १९३७ मध्ये आणि कार्ल योहान (१९१६–२०१२) यांनी १९४६ मध्ये मनासारखे लग्न करून हक्क गमावला. यांपैकी कार्ल यांना बेल्जियमच्या राजाने, म्हणजे त्यांच्या मेहुण्याने, प्रिन्स बर्नादोत ही पदवी दिली. बाकी तिघांना १९५१ मध्ये लक्झेंबर्गचीच विस्बोर्ग पदवी मिळाली.

सिगवार्ड बर्नादोत यांच्यापुरते बोलायचे तर पदवी गेली हे बरेच झाले, असे वाटते. कोपनहेगनच्या जॉर्ज जेन्सन यांच्या पेढीसाठी ते १९३० पासून चांदीकाम आरेखित असत. रेघांची नक्षी असलेला त्यांचा सुऱ्या-काट्यांचा संच ‘बर्नादोत’ याच नावाने विकला गेला. १९५० मध्ये आक्टन ब्यर्न यांच्यासोबत त्यांनी औद्योगिक आरेखनाचे कार्यालय काढले. तिथूनच मेलामाइनचा ‘मार्ग्रेथे’ वाडगा बाहेर पडला. बुडाला रबरी कडे, काठाला ओतायची चोच. डॅनिश स्वयंपाकघरांत तो घरोघरी दिसतो, आणि नाव सिगवार्ड यांच्या भाचीचे, पुढे डेन्मार्कची राणी झालेल्या मार्ग्रेथेचे. स्वतः सिगवार्ड यांना मात्र पदवी गेल्याची खंत राहिलीच. आपल्याला राजपुत्र म्हणावे हा त्यांचा आग्रह म्हातारपणी युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. तो मान्य झाला नाही.

लेनार्ट यांच्याकडे कॉन्स्टन्स सरोवरातील माइनाउ हे बेट आले. रान माजलेल्या त्या बेटावर त्यांनी फुलझाडांची बाग उभी केली. आज लोक तिकीट काढून ती पाहायला जातात. त्याच सरोवराकाठच्या लिंडाउ गावात १९५१ पासून नोबेल विजेते आणि तरुण संशोधक यांचे जे मेळावे भरतात, त्यांचे ते आश्रयदाते होते. अणुयुद्धाच्या धोक्याविरुद्ध १८ नोबेल विजेत्यांनी सही केलेले १९५५ चे निवेदन माइनाउ बेटाच्याच नावाने ओळखले जाते.

हक्क न सोडता थांबून राहिलेले एकच, प्रिन्स बर्टिल (१९१२–१९९७). लिलियन या वेल्सच्या स्त्रीशी त्यांची १९४३ मध्ये लंडनला भेट झाली. पण १९४७ मध्ये थोरले भाऊ कोपनहेगनच्या विमान अपघातात गेले, त्यांचा मुलगा वर्षाचाही नव्हता आणि इतर दोघे भाऊ, सिगवार्ड व कार्ल योहान, बाद झालेले. लहानग्याच्या वतीने कारभार पाहायची वेळ आली तर कोणीतरी हवे, म्हणून दोघे लग्नावाचून राहिले. तो पुतण्या १९७३ मध्ये सोळावा कार्ल गुस्ताफ म्हणून राजा झाला आणि १९७६ मध्ये त्याने स्वतःच सामान्य घरातील सिल्व्हिया सोमरलाट हिच्याशी लग्न केले. राजाला ते कलम लागू नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात काका-काकूंचेही लग्न लागले, भेटीनंतर ३३ वर्षांनी. मुंबईत जन्मलेले आणि आईकडून पाटणकरांचे नातू असलेले अभिजित बॅनर्जी २०१९ मध्ये धोतर नेसून ज्यांच्यासमोर नोबेल घ्यायला उभे राहिले, ते हेच कार्ल गुस्ताफ.

१९८० पासून वारसा कायद्यात मुलगा-मुलगी भेद उरला नाही. सर्वांत थोरले अपत्य वारस, त्यामुळे व्हिक्टोरिया युवराज्ञी झाल्या आणि काही महिन्यांचे युवराज असलेले धाकटे भाऊ मागे सरले. १९ जून २०१० रोजी त्यांनी ओकेल्बू गावचे, व्यायामशाळा चालवणारे डॅनिएल वेस्टलिंग यांच्याशी लग्न केले. डॅनिएल यांनी वेस्टलिंगपुढे बायकोचे बर्नादोत हे आडनाव लावले, जोआन्दू मेंढपाळाने लावले होते तसेच.